खोटी सपाटी

१२ एप्रिल, रविवार

आर्माँ छापायला तयार झाला. आंबेरला त्याचा छापखाना आहे. आयुष्यभर पोस्टकार्डं आणि चीजवरची लेबलं छापली, आता त्याला प्रकाशक म्हणवून घ्यायचंय. हवंय काय, तर खिशात मावेलसं पुस्तक: लिव्राद्वाच्या डोंगरांतले शांत रस्ते, खास सायकलवाल्यांसाठी. ट्रक नकोत, मोटारसायकली नकोत. फक्त चढ, उतार, गाई आणि मधूनमधून एखादा क्रूस.

"आणि हे बघ, आरी," फोनवर म्हणाला, "एका रस्त्याला दोन पानं. विशेषणांना लगाम घाल. मागे तू भोपळ्यांच्या स्पर्धेची बातमी लिहिलीस, ती वाचून माझी बायको रडली होती."

माझं नाव हरी. फ्रेंच जिभेला ह पेलत नाही, त्यामुळे गेली तीस वर्षं या खोऱ्यात मी सुताराचं हत्यार आहे. आलो होतो पाणिनीवर प्रबंध लिहायला. लग्न केलं, शाळेत लॅटिन शिकवलं, लॅटिन घेणारी मुलं संपली तेव्हा लवकर घरी बसलो. आता जिल्हा साप्ताहिकाचा ब्रुसोल गावचा वार्ताहर आहे. अंत्यविधी, सत्कार आणि वर उल्लेखिलेले भोपळे.

पुस्तकातून गाळलेली विशेषणं या वहीत येतील. मराठीत लिहिलं की घरात कोणाला वाचता येत नाही, म्हणजे खरंही लिहिता येईल.

आर्माँची अट विशेषणांची. माझी अट वेगळी. प्रत्येक रस्ता मी स्वतःच्या पायांनी तपासणार. चढ किती हे कुठलंही यंत्र सांगेल, चढ कसा ते पायच सांगतात. यंत्र मी सायकलला लावणार नाही.

आज पिठाच्या गिरणीवरचा रस्ता करून पाहिला. रस्ता शांत आहे याची इथली खूण म्हणजे त्याच्या भांगात उगवलेलं गवत. गिरणीच्या रस्त्याला तर अंबाडा घालता येईल इतकं आहे. बरोबर बायको, नादेज होती, तिच्या नव्या विजेच्या सायकलवर. मार्चमध्ये मला न विचारता घेतली. मी तिला मोपेड म्हणतो, म्हणजे सायकलला.

दुसऱ्या वळणानंतर दम लागला. नादेजने जर्सी गरम पाण्यात धुतलेली दिसते. छातीवर आटली आहे.

हिवाळाभर घरात बूड टेकत नव्हतं. एक कप्पा उघडायचो, कशाला उघडला ते विसरून दुसरा उघडायचो. नादेज म्हणाली, "तू बसलेला असतोस तेव्हासुद्धा निघालेला असतोस." आता निदान निघायला कारण आहे.

१६ एप्रिल, गुरुवार

इथल्या सायकलवाल्यांचा एक शब्द आहे, फो-प्ला. खोटी सपाटी. डोळ्यांना रस्ता सपाट दिसतो, पण असतो चढ. शिकाऊ माणूस कुरकुरत राहतो, की आज माझ्या पायांना काय झालंय. जाणता माणूस नुसतं 'फो-प्ला' म्हणतो आणि गिअर बदलतो. अंधारात दोरी पाहून साप समजणं, हे रज्जुसर्पाचं उदाहरण समजावताना आमच्या गुरुजींनी अख्खं सत्र घेतलं होतं. इथला कसाई दोन शब्दांत मोकळा होतो.

सें-फर्जोच्या रस्त्यावर आज असे तीन टप्पे सापडले. पूर्वी इथून अनेकदा गेलो आहे, पण तेव्हा लिहायचं नव्हतं म्हणून लक्ष दिलं नसावं. लेखनाने दृष्टी सूक्ष्म होते, ती अशी.

पहिल्या टप्प्यावरच नादेज मागून ओरडली, "थांब जरा! माझी बॅटरी गेली."

"परत? कंपनी शंभर किलोमीटर सांगते."

"कंपनी पॅरिसची आहे. त्यांनी डोंगर चित्रात पाहिलेत."

"या कंपन्यांचं काही खरं नाही," मी म्हणालो, आणि आम्ही दगडी कठड्यावर बसलो. समोर अख्खं खोरं पसरलं होतं, पिवळ्या फुलांनी मढलेलं. तिने ते सोडून माझ्याकडे पाहायला सुरुवात केली. बराच वेळ पाहिलं. एवढ्या वर्षांच्या संसारानंतर! बरं वाटलं.

दहा मिनिटांनी म्हणाली, "चल, आता थोडी भरलेली दिसते." बॅटरी नुसती बसून भरत नाही, एवढं शास्त्र मलाही कळतं. पण बायकांच्या यंत्रांशी वाद घालू नये.

२५ एप्रिल, शनिवार

आर्माँचा फोन. पहिल्या पाच रस्त्यांची पानं मिळाली.

"आरी, हे सायकलचं पुस्तक आहे ना?"

"का?"

"प्रत्येक रस्त्यावर तीन-तीन, चार-चार दफनभूमी आहेत. 'डाव्या हाताला दफनभूमी, सावली चांगली.' 'पुढे पुन्हा दफनभूमी, बाक आहे.' गिऱ्हाईक पुस्तक उघडेल आणि थेट मृत्युपत्र करायला जाईल."

"दफनभूमीत नळ असतो. पिण्याचं पाणी तिथेच मिळतं, हे कुठल्याही सायकलवाल्याला विचार."

"नळ एक पुरे की! इतकी तहान कोणाला लागते?"

मला लागते. खरं म्हणजे तहान फार लागत नाही, पण नळाशी थांबायला बरं पडतं. बाटली भरताना माणूस थांबला असं दिसत नाही, बाटली भरतोय असं दिसतं. व्हालमोराँच्या दफनभूमीत आज तीन पिढ्यांची नावं वाचून झाली. शांत जागा आहेत. शांत रस्त्यांच्या पुस्तकात त्या नकोत, हा युक्तिवाद मला पटत नाही.

३ मे, रविवार

दोष वाऱ्याचा आहे. जाताना समोरून होता, येतानाही समोरून. नादेजला विचारलं, तर म्हणे वारा नव्हताच. पॉपलरचं पान हलत नव्हतं म्हणे. पॉपलर हा काही प्रमाणग्रंथ नव्हे.

साखळी बदलली. चाकात हवा जास्त भरून पाहिली, मग कमी भरून पाहिली. मागचं दातेरी चक्र सर्वांत मोठं बसवून घेतलं, दुकानदार म्हणाला, "हे तर आल्प्सला जाणारे घेतात." मी म्हटलं, माझ्या पुस्तकाला सगळ्या वाचकांचा विचार करावा लागतो.

दोन बारीक तक्रारी, फक्त इथे. चढावर डाव्या हाताला मुंग्या येतात. हँडलवरची पट्टी पातळ झाली आहे, नवी लावली. आणि जबडा दुखतो. पावाची कड हल्ली फार कडक भाजतात. बेकरीणबाईंना सांगितलं, त्या रागावल्या.

घरी आलं की बसवत नाही. झोपलं की उठावंसं वाटतं, उठलं की कुठे जायचं ते सुचत नाही. मग नकाशा उघडतो. अकरा रस्ते झाले, नऊ उरले, आणि महिनाअखेरीला सगळी पानं छापखान्यात हवीत. एकदा हे संपलं की शरीर आपोआप ठिकाणावर येईल. माझं नेहमी असंच होतं. प्रबंधाच्या वेळीही झालं होतं. (प्रबंध पुरा झाला नाही, हे इथे नमूद करणं प्रामाणिकपणाचं.)

८ मे, शुक्रवार

युद्ध संपल्याच्या दिवसाची सुट्टी. हुतात्मा स्मारकापाशी सरपंचांचं भाषण, बातमीसाठी मी उभा. यंदा भाषण फार लांबलं. मी दोनदा जागा बदलली, मग स्मारकालाच टेकलो. ते बरं दिसलं नसावं.

कार्यक्रमानंतर युगेतबाईंनी गाठलं. युगेत बार्लिये, वय चौऱ्याहत्तर, सायकल क्लबच्या अध्यक्षा. त्यांची पोलादी सायकल माझ्या लग्नाहून जुनी आहे आणि तिची देखभाल जास्त चांगली झाली आहे. आर्माँने पुस्तकातले रस्ते तपासायला त्यांनाच नेमलंय.

"प्रोफेसर, पेंतकोस्तच्या सणाच्या रविवारी क्लबची फेरी आहे. डॉक्टरचा दाखला दिला नाही तुम्ही."

"डॉक्टर आहे कुठे? म्हातारे गेले निवृत्त होऊन. पंचक्रोशीत नवीन कोणी यायला तयार नाही, बातमी मीच लिहिली होती."

"मग तुमची बातमी घेऊन क्लेरमाँला जा. दाखल्याशिवाय रांगेत घेणार नाही. मागच्या वर्षी पाद्रीबुवांनाही घेतलं नाही मी."

नादेज शेजारी उभी होती. ती गावच्या कचेरीत कारकून आहे, तिला वाट पाहणं आणि वाट पाहायला लावणं दोन्ही येतं. "मी क्लेरमाँच्या हृदयतज्ज्ञाकडे नाव नोंदवलंय त्याचं," ती म्हणाली. "जुलैची तारीख मिळाली."

हे मला नवीन होतं. घरी येईपर्यंत मी गप्प राहिलो, मग राहिलो नाही.

"हृदयतज्ज्ञाकडे? दाखल्याला साधा डॉक्टर चालतो."

"आरी, चढ चढताना तुझं तोंड राखेसारखं होतं."

"ते सनक्रीम आहे. मला नीट चोळता येत नाही."

ती उठली. मग कपाटातून सनक्रीमची ट्यूब काढली, टेबलावर ठेवली आणि बागेत निघून गेली. ट्यूबवरचं सील शाबूत होतं. गेल्या वर्षीची दुसरी असणार कुठेतरी. शोधली. सापडली नाही.

१७ मे, रविवार

आजचा दिवस शोधाचा!

नदीकाठचा रस्ता, ब्रुसोलपासून व्हेर्तोलपर्यंत. पुस्तकात एक तरी सोपा रस्ता हवा, लहान मुलांसाठी आणि गुडघ्यांच्या पेशंटांसाठी, म्हणून हा घेतला. नादेज बाजारात गेली होती, एकटाच निघालो. उजव्या हाताला कुरणं, डाव्या हाताला दोर नदी, माझ्याच वाटेने खळखळत चाललेली, मध्ये मी. सगळं खोरं या रस्त्याला सपाट समजतं. मीही समजत होतो.

सपाट नाही! सबंध रस्ताभर चढ आहे. बारीक, चिवट, न संपणारा. पहिल्या पुलापाशी शंका आली, लाकूड गिरणीपाशी खात्री झाली, आणि पुढच्या वळणावर उतरून सायकल हातात धरून चालावं लागलं. (एका बाईंनी मोटार थांबवून विचारलं, काही हवंय का. मी म्हणालो, रस्त्याचं निरीक्षण करतोय.) डोळ्यांवर विसंबून राहिल्याने केवढा भ्रम होतो, आणि तोही अख्ख्या पंचक्रोशीला! घरी येऊन लगेच लिहिलं: 'दीर्घ आणि कपटी खोटी सपाटी, व्हेर्तोलच्या दिशेने सतत चढती.' 'कपटी' आर्माँ काढेल. काढू दे. पण शोध माझा आहे.

संध्याकाळी नादेजला सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिने हातातली जुडी खाली ठेवली. मग विचारलं, "दुखलं का कुठे?"

मी तिला भूगोल सांगत होतो आणि ती हे विचारत होती.

२४ मे, रविवार

क्लबची फेरी घरापुढून गेली. दाखला नव्हता, खिडकीतून पाहिली. युगेतबाई सर्वांत पुढे. हात केला नाही त्यांनी, दम दिल्यासारखं बोट दाखवलं.

दिवसभर घरातल्या घरात येरझाऱ्या. जिना चढताना दोनदा थांबलो. जिना पुस्तकात नाही, म्हणून नोंद केली नाही.

२७ मे, बुधवार

युगेतबाई दुपारी आल्या. पानांचा गठ्ठा टेबलावर आपटला आणि हेल्मेट न काढता बसल्या.

"प्रोफेसर, हा गिरणीचा रस्ता. तुम्ही लिहिलंय, 'सत्त्वपरीक्षा पाहणारा चढ.' मी परवा तिथून गाणं म्हणत गेले."

"तुम्ही गायलात म्हणून चढ कमी होत नाही."

"नाही होत. पण मला चढावर गाता येत नाही. सें-फर्जो: तीन खोट्या सपाट्या. एकही नाही. तिथे आमच्या पुतणीच्या लग्नात वाईनचं पिंप आडवं ठेवलं होतं, ते जागचं हललं नव्हतं."

"तुमच्या पुतणीचं पिंप..."

"थांबा. आता हे. ब्रुसोल ते व्हेर्तोल. कुठून कुठे गेलात तुम्ही?"

"ब्रुसोलहून व्हेर्तोलला."

"नदी कुठे होती?"

"डावीकडे."

"आणि नदी कुठे चालली होती?"

मी वीसेक वर्षं मुलांना व्याकरण शिकवलं. प्रश्नातला सापळा वाक्य संपायच्या आत ओळखणं हा माझा धंदा. आज वाक्य संपलं, तरी मी सरळ आत पाऊल ठेवलं. "व्हेर्तोलकडेच."

"म्हणजे तुमच्याबरोबर."

"हो."

"मग नदी चढ चढत होती?"

नादेज कॉफी ओतत होती. धार थांबली.

मी म्हणालो, रस्ता आणि नदी या भिन्न वस्तू आहेत, एक उतरत असताना दुसरी चढू शकते. युगेतबाई म्हणाल्या, दोन्ही व्हेर्तोलच्या पुलाखाली भेटतात, आणि त्यांच्या आईने त्या पुलापाशी चाळीस वर्षं कपडे धुतले. मी म्हणालो, पाय खोटं बोलत नाहीत. त्या म्हणाल्या, "पाय नाही बोलत."

मग पहिल्यांदाच त्यांनी हेल्मेट काढलं.

"मी काही पुस्तकासाठी आले नाही, प्रोफेसर. पुस्तक मी दुरुस्त करून टाकीन. आमच्या रेमोंलाही सगळे रस्ते चढते वाटायला लागले होते. त्याने तर रस्ते खात्याला पत्र लिहिलं होतं, की डांबर घालताना उंची वाढवलीत म्हणून."

"मग?" मी विचारलं.

"मग काय? पत्राला उत्तर आलं. तेव्हा मी विधवा होते."

कॉफी न पिता निघून गेल्या. जाताना दारात नादेजच्या खांद्यावर हात ठेवला. दोघींचं आधी बोलणं झालेलं असणार; कट शिजलाय हे न कळण्याइतका मी भाबडा नाही.

मी संतापलो, फेऱ्या मारल्या, कोशातून 'उतार' शब्दाची व्युत्पत्ती काढली. नादेज म्हणाली, "आरी, आपण उद्या इमर्जन्सीत जाऊ. जुलै राहू दे." मी म्हणालो, आधी शास्त्रीय पद्धतीने निकाल लावू. स्वयंपाकघराच्या खणात वाईनची बुचं आहेत. उद्या सकाळी बूच नदीत टाकतो आणि बरोबरीने सायकल चालवतो. बूच कोणाची बाजू घेत नाही.

झोपायच्या आधी तिची सायकल चार्जिंगला लावलेली दिसली.

३० मे, शनिवार. क्लेरमाँ, रुग्णालय

उजव्या मनगटाला पट्टा आहे, अक्षर वाकडं येईल.

गुरुवारी सकाळी नादेजला न सांगता निघालो. पहिल्या पुलावरून बूच टाकलं. ते जरा घुटमळलं, एका दगडाला प्रदक्षिणा घातली, आणि व्हेर्तोलकडे चालू लागलं. मीही निघालो. सर्वांत मोठं चक्र, सर्वांत हलका गिअर. बूच माझ्यापुढे. मी जोर केला. बूच आणखी पुढे. ते काही करत नव्हतं, नुसतं जात होतं. लाकूड गिरणीपाशी ते वळणाआड झालं आणि माझ्या छातीवर कोणीतरी बसलं.

सायकल गवतात पडली, मी कुंपणाला धरून बसलो. तेव्हा गुरुजी आठवले. त्यांच्या उदाहरणातला मूर्ख दोरी पाहतो, साप समजतो आणि पळत सुटतो. सगळे त्याला हसतात. उलट उदाहरण त्यांनी कधी दिलंच नाही: समोर साप आहे, आणि माणूस त्याला दोर म्हणत दोन महिने उशाशी घेऊन झोपतो. नदीचं नावही दोर असावं, हा योगायोग मला त्या अवस्थेतही आवडला. हसायला गेलो, तेवढा श्वास नव्हता.

मग चाकांचा आवाज. नादेज. इतक्या वेगाने आलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. केस मागे उडत होते, पायात घरातल्या सपाता. उतरता उतरता तिने फोन लावला, रुग्णवाहिकेचा पंधरा नंबर, रस्त्याचं नाव सांगितलं, लाकूड गिरणी सांगितली, माझं वय सांगितलं. आवाज कचेरीतला. मग माझ्या मागे बसली आणि मला टेकवून धरलं.

"बोलू नको."

"नदी उतरते," मी म्हणालो.

"माहितेय. गप्प बस."

तिची सायकल समोरच आडवी पडली होती. हँडलवर बॅटरीचे दिवे असतात, चार. चारही हिरवे पेटलेले होते. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. रुग्णवाहिका येईपर्यंत दुसरं बघायला काही नव्हतं.

हृदयाच्या दोन वाहिन्या जवळजवळ बुजलेल्या. मनगटातून तार घालून दोन नळ्या बसवल्या. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, माझ्या विद्यार्थिनी शोभतील. विचारलं, "त्रास कधीपासून?" मी म्हणालो, गुरुवारपासून. नादेज खुर्चीतून म्हणाली, "बारा एप्रिलपासून. गिरणीच्या चढावर, दुसऱ्या वळणानंतर." मग सें-फर्जो सांगितलं, व्हालमोराँ सांगितलं, आधी चढावर आणि मग जिन्यावरही. मी वीस रस्त्यांचं पुस्तक लिहीत होतो. तिच्याकडे ते तयार होतं.

डॉक्टरीणबाई गेल्यावर विचारलं, "एवढं दिसत होतं तर बोलली का नाहीस?"

"बोलले. तू सनक्रीम म्हणालास."

"पुन्हा बोलायचंस."

"बोलले असते तर तू एकटा जायला लागला असतास." तिने चादर सारखी केली. ती सारखीच होती. "नदीकाठी गेलास, तेव्हा मी बाजारात होते. एकच दिवस."

मग तिला रडू आलं, आणि रडताना ती मला शिव्या देत होती, तिच्या आजीच्या बोलीतल्या, ज्यांचे अर्थ मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलेले नाहीत. मी विचारलेही नाहीत. डाव्या हाताने तिचा हात धरता आला तेवढा धरला. मुंग्या नव्हत्या.

२ जून, मंगळवार

आर्माँ भेटायला आला. द्राक्षं आणली आणि बोलत बोलत स्वतःच संपवली.

"पुस्तक थांबवलंय. तुझे सगळे चढ पुन्हा मोजायचेत. युगेत फिरतेय. रोज फोन करते, 'इथे प्रोफेसर मेले असते, इथे प्रत्यक्षात उतार आहे.'"

"दफनभूमी काढल्यास?"

"ठेवल्यात. युगेत म्हणाली, नळ चांगले आहेत." मग खाली बघून म्हणाला, "आरी, मी फोनवर मृत्युपत्राचा विनोद केला होता."

"चांगला होता."

"मला झोप नाही चार दिवस."

मला मात्र झोप येते. या खोलीत फक्त एक खिडकी आणि एक भिंत आहे, कुठे जायची सोय नाही, आणि पाय वळवळत नाहीत. आतून कोणीतरी हाका मारत होतं आणि मी दर वेळी बाहेर जाऊन दार उघडत होतो, असं काहीसं हे सहा महिने चाललं असावं. पण हे विशेषणांपेक्षा वाईट झालं, खोडतो.

२० सप्टेंबर, रविवार

पुस्तक आलं. पातळ आहे, खिशात मावतं. चढांचे आकडे युगेतबाईंचे, गवत आणि नळ माझे. नदीकाठच्या रस्त्याला आर्माँने माझी एकच ओळ ठेवली आहे: 'सपाट. नदी सोबत असते.' 'कपटी' काढलं.

उन्हाळाभर व्यायामशाळेत जागच्या जागी फिरणारी सायकल चालवली. डॉक्टरीणबाईंनी दाखला दिला. युगेतबाईंनी तो उजेडाकडे धरून पाहिला, मग घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाल्या, "पुढच्या रविवारी या. मागच्या रांगेत."

आज सकाळी नादेज म्हणाली, "गिरणीचा रस्ता करायचा?"

निघालो. हेझलनट रस्त्यावर पडले होते, चाकाखाली फुटत होते. भांगातलं गवत वाळून सोनेरी झालंय. पहिलं वळण, दुसरं वळण. जर्सी तीच. आटलेली नव्हती. श्वास येत होता, जात होता, त्याकडे माझं लक्ष होतं आणि त्याला मी बघतोय याची पर्वा नव्हती. दुसऱ्या वळणानंतर मी चक्क शीळ घातली. युगेतबाईंचं बरोबर आहे, चढ नाहीच म्हणण्यासारखा. थांबायची काही गरज नव्हती. मनात आलं, वरच्या क्रूसापर्यंत एका दमात जाऊ.

मागून हाक आली. "थांब जरा!"

वळून पाहिलं. ती एक पाय टेकून उभी होती, चेहरा पांढरा, हँडलवर मुठी आवळलेल्या.

"काय झालं?"

"माझी बॅटरी गेली."

मी उतरलो आणि सायकल हातात धरून खाली तिच्यापर्यंत चालत गेलो. चार दिवे. चारही हिरवे. तिने त्यांच्यावर हात ठेवला, पण उशिरा.

मी माझी सायकल कठड्याला टेकवली, मग तिची टेकवली, आणि बसलो. पिशवीतून पाव आणि चीज काढलं. कड तिला दिली, तिला आवडते.

"या कंपन्यांचं काही खरं नाही," मी म्हणालो.